बूटलोडर : यंत्रातला पहाटेचा शिपाई

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत रोज सर्वांत आधी कोण येते? शिक्षक नव्हेत, मुख्याध्यापकही नव्हेत. आधी येतात शिपाईमामा. ते दारे उघडतात, घंटा देतात आणि बाजूला होतात. मग शाळा सुरू होते. छोट्या संगणक-चिपमध्येही असा एक शिपाई असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो कसा लिहितात, ते आज पाहू या.

समजा, पनवेलजवळच्या बेलपाड्यातील एका घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकी भरली की पंप बंद करण्याचे काम एका मायक्रोकंट्रोलरकडे दिले आहे. ही एकच चिप, पण तिच्यात गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारांना जोडणारे पाय हे सारे असते. आता आज्ञावलीत सुधारणा करायची आहे. चिप तर डाख देऊन पक्की बसवलेली! मग नवी आज्ञावली आत कशी जाणार? चालू आज्ञावलीनेच स्वतःला पुसून नवी लिहायची म्हटले, तर ते ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्यासारखे होईल. म्हणून एक छोटी, वेगळी आणि कधीही न पुसली जाणारी आज्ञावली आधीच आत ठेवतात. तीच बूटलोडर.

पूर्वी हे काम माणसाला करावे लागे. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या अल्टेअर ८८०० या संगणकात सुरुवातीच्या काही आज्ञा दर्शनी भागावरील बटणे वरखाली करून एकेक भरत असत. त्या आज्ञा मग उरलेली आज्ञावली आत ओढून घेत.

आता आपल्या चिपकडे वळू. एटीमेगा ३२८पी ही चिप अर्डुइनो उनो या फलकामुळे अनेक विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. तिच्या फ्लॅश स्मृतीत ३२,७६८ बाइट मावतात. ही स्मृती १२८ बाइटांच्या पानांत विभागलेली असते. भागाकार करा : पाने २५६ झाली. यांतील शेवटची ८ पाने, म्हणजे १,०२४ बाइट, आपण शिपायाच्या खोलीसाठी राखून ठेवू. मुख्य आज्ञावलीला २४८ पाने, म्हणजे ३१,७४४ बाइट उरतात. या चिपमध्ये फ्लॅशवर लिहिण्याची आज्ञा फक्त राखीव भागातूनच चालते. शिवाय फ्यूज नावाची एक खूण बदलली, की चिप सुरू होताच शून्य पत्त्याऐवजी थेट राखीव भागात जाते. काही कुलूप-खुणा लावल्या, की तो भाग पुसला जाण्याचा धोकाही टळतो.

शिपायाचा दिनक्रम असा लिहा. जागे व्हा. एक सेकंद तारेकडे कान द्या. कोणी हाक मारली नाही, तर मुख्य आज्ञावलीकडे जा. हाक आली, तर नवी आज्ञावली उतरवून घ्या.

उतरवून घेण्यासाठी १९७७ साली वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी तयार केलेली एक्समोडेम ही पद्धत सोपी आहे. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेच्या एरीस फलकावरील तेजस-३२ चिपमध्ये आज्ञावली याच पद्धतीने पाठवता येते. या पद्धतीत मजकूर १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांत जातो. प्रत्येक गठ्ठ्यापुढे आरंभखूण, गठ्ठ्याचा क्रमांक आणि २५५ मधून तो क्रमांक वजा करून आलेली संख्या असते. शेवटी बेरीज असते. एकूण बाइट १३२. बेरीज २५५ च्या पुढे गेली, की २५६ ने भागून फक्त बाकी ठेवतात. बेरीज जुळली तर चिप 'पोचले' असे कळवते, नाही तर 'पुन्हा पाठवा' म्हणते. 'पोचले' हा निरोपच वाटेत हरवला, तर तोच गठ्ठा पुन्हा येतो. क्रमांक पाहून चिप तो ओळखते आणि पुढच्या पानावर लिहीत नाही.

आता खरी परीक्षा. सेकंदाला ९६० बाइट या वेगाने २४८ गठ्ठे यायला सुमारे ३४ सेकंद लागतील. पावसाळ्याचे दिवस आहेत. शंभरावे पान लिहून झाले आणि वीज गेली! आता चिपमध्ये शंभर पाने नवी आणि बाकीची जुनी. वीज परत आल्यावर शिपाई एक सेकंद थांबेल आणि या अर्धवट आज्ञावलीला खुशाल घंटा देईल. मग पंप सुरू झाला तर तो बंद कोण करणार?

उपाय एका बाइटात आहे. फक्त क्रम चुकता कामा नये. या चिपमध्ये ईईप्रॉम नावाची आणखी एक टिकाऊ स्मृती आहे. तिच्यात एक खूण ठेवा : १६५ म्हणजे 'आज्ञावली पूर्ण', दुसरे काहीही म्हणजे 'अपूर्ण'. नवे पहिले पान लिहिण्याआधीच ती खूण पुसा. मग सारी पाने लिहा. ती परत वाचून तपासा. सर्वांत शेवटी १६५ लिहा. वीज मध्येच कुठेही गेली, तरी खूण 'अपूर्ण'च राहील. शिपाई दार उघडणार नाही; नव्या आज्ञावलीची वाट पाहत बसेल. खूण आधी लिहिली, तर ती खोटी साक्ष ठरेल.

आणखी एक गोष्ट. चिप सुरू होताना तिचे पाय कोणताही हुकूम देत नाहीत. म्हणून पंपाच्या ट्रान्झिस्टरला असा रोधक जोडा, की हुकूम नसेल तेव्हा पंप बंदच राहील. काही काळजी आज्ञावलीत घ्यायची असते, तर काही तारांत!

शेवटी एक कोडे. २००, १०० आणि ७ यांची बेरीज ३०७, म्हणून बाकी ५१. वाटेत २०० चे २०१ आणि १०० चे ९९ झाले, तर बाकी किती येईल? कागदावर करून पाहा. बाकी पुन्हा ५१ च येते. दोन चुका एकमेकींना झाकतात! म्हणूनच एक्समोडेमच्या पुढच्या सुधारित प्रकारात साध्या बेरजेऐवजी १६ बिटांची अधिक कडक तपासणी आली. अशी झाकली जाणारी आणखी एक जोडी तुम्ही शोधू शकाल का?