काम येतं, पण प्रपोजल लिहिता येतं का?

‘मुलगी दिवसभर लॅपटॉपसमोर असते, परदेशातली कामं घेते म्हणते. पण यावर पुढं पोट भरेल का?’ हा प्रश्न आता अनेक घरांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्या नोकरीला ऑफिस नाही, साहेब नाही, महिन्याचा पगार नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. हे क्षेत्र कालपरवाचं नाही. फ्रीलान्स, म्हणजे सुटी कामं मिळवून देणारी ईलान्स ही वेबसाइट १९९९ मध्ये सुरू झाली, ओडेस्क २००३ मध्ये. पुढं दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी अपवर्क हे नाव घेतलं. फायव्हर २०१० पासून आहे. डिझाइन, प्रोग्रामिंग, भाषांतर, व्हिडिओ एडिटिंग, हिशेब अशी कामं इथं रोज निघतात. तरीही चांगलं काम येणारी कित्येक मुलं इथं महिनोन्‌महिने रिकामी बसतात. त्यांना काम येतं, पण प्रपोजल, म्हणजे काम मागताना क्लायंटला पाठवायचा प्रस्ताव, लिहिता येत नाही आणि पाठवलेली प्रपोजल सांभाळता येत नाहीत. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. शिकलं तर मात्र येतं.

पाठवण्याआधी वाचा

अपवर्कवर प्रपोजल पाठवायला ‘कनेक्ट्स’ खर्च होतात. एका कनेक्टला १५ सेंट पडतात आणि एका कामाला असे अनेक लागतात. प्रपोजल मागे घेतलं तरी ते परत मिळत नाहीत. म्हणून दिसेल त्या कामावर अर्ज टाकत सुटू नका. आधी क्लायंटची माहिती बघा. त्याची पेमेंट पद्धत पडताळलेली आहे का? आजवर त्यानं किती जणांना काम दिलं, किती खर्च केला? आधीच्या फ्रीलान्सरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय? इथं शंका आली तर ते काम सोडून द्या.

पहिल्या दोन ओळी

क्लायंटपुढं प्रपोजलची रांग असते आणि यादीत त्याला प्रत्येकाची फक्त सुरुवात दिसते. समजा, एका दुकानदारानं लिहिलंय, ‘आमची वेबसाइट मोबाइलवर फार हळू उघडते.’ बहुतेक जण सुरुवात करतात ती अशी: ‘मी मेहनती वेब डेव्हलपर आहे, मला संधी द्या.’ यात दुकानदाराच्या अडचणीबद्दल एक शब्दही नाही.

आता हे वाचा: ‘तुमची साइट मी फोनवर उघडून पाहिली. पहिल्या पानावरचे फोटो मूळ आकारातच टाकलेत, मुख्य उशीर तिथं होतोय. आधी ते हलके करून वेग मोजू, मग बाकीचं बघू. असं केलेलं एक काम सोबत जोडलंय. चार दिवस लागतील. साइट कोणत्या होस्टिंगवर आहे, एवढं कळवाल का?’

अडचण समजली, उपाय सुचवला, पुरावा दिला, मुदत सांगितली आणि शेवटी एक नेमका प्रश्न विचारला. एवढं पुरतं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, मोघम चालत नाही. चॅटजीपीटीकडून व्याकरण जरूर तपासून घ्या, पण अख्खं प्रपोजल त्याच्यावर सोपवलंत तर ते इतर दहा जणांसारखंच दिसेल.

अनुभव नसेल तर खोटा लिहू नका. कॉलेजचा प्रोजेक्ट, ओळखीच्या संस्थेसाठी केलेलं पत्रक, स्वतः बनवलेलं ॲप हेही नमुने म्हणून चालतात.

दर आणि टप्पे

दर सांगताना प्लॅटफॉर्मचा वाटा धरा. फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे १०० डॉलरच्या कामाचे हातात ८० येतात. अपवर्कची कपात मे २०२५ पासून करारानुसार शून्य ते १५ टक्के असते. मोठं काम टप्प्यांत, म्हणजे माइलस्टोनमध्ये वाटा. प्रत्येक टप्प्यात काय मिळेल, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, हे आधीच लिहा. टप्प्याचे पैसे एस्क्रोत, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या ताब्यात, जमा झाल्याशिवाय कामाला हात लावू नका. अपवर्कवर ठरीव रकमेचं काम सादर केलं की क्लायंटला तपासायला १४ दिवस मिळतात. त्यानं काहीच उत्तर दिलं नाही, तर पैसे आपोआप मोकळे होतात.

वही ठेवा

पाठवलेल्या प्रत्येक प्रपोजलची नोंद एका शीटमध्ये करा: तारीख, काम, खर्च झालेले कनेक्ट्स, सांगितलेला दर, निकाल. महिनाअखेर ती वाचा. उत्तरंच येत नसतील तर कामांची निवड किंवा सुरुवातीच्या ओळी चुकताहेत. बोलणं होऊन काम हातचं जात असेल तर दर, मुदत किंवा नमुने तपासा. नकार म्हणजे तुमच्या लायकीवरचा शेरा नव्हे, ती पुढच्या प्रपोजलसाठी मिळालेली माहिती आहे. आणि एका वेळी पेलतील तेवढीच कामं घ्या. पहिल्या कामांचे अभिप्राय प्रोफाइलवर राहतात, पुढची कामं त्यांच्याच जोरावर मिळतात.

फसवणूक ओळखा

काम देण्याआधी ‘डिपॉझिट’ मागणारा, करार होण्याआधी टेलिग्रामवर बोलावणारा, ‘नमुना’ म्हणून पूर्ण काम फुकट करून घेणारा आणि तुमचं खातं भाड्यानं मागणारा, या चौघांपासून दूर राहा. प्लॅटफॉर्मबाहेर पैसे घेतले तर संरक्षण जातं, खातंही बंद होऊ शकतं.

पालकांसाठी

अपवर्कवर खातं उघडायला वय १८ पूर्ण लागतं. लहान भावंडांसाठी मोठ्यांच्या नावानं खातं चालवू नका. इथं भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. म्हणून आरोग्य विमा आणि काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक सुरुवातीपासून हवी. मिळकत करपात्र असते. रिटर्न दरवर्षी भरा, उद्या गृहकर्ज घेताना बँक तेच मागेल. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढं गेली तर जीएसटी नोंदणी लागते. तिथं सीएचा सल्ला घ्या.

पदवी अर्धवट सोडून कुणीही यात उतरू नये. शिकता शिकता वर्षभर ही वाट चालून पाहावी. त्या काळात पालकांनी रोज ‘काम मिळालं का?’ असं विचारू नये. महिन्यातून एकदा मुलांशेजारी बसून ती नोंदवही बघावी. प्रपोजल नेमकी होत असतील, उत्तरं वाढत असतील, कामं वेळेवर पुरी होत असतील, तर तुमचं मूल स्वतःचा व्यवसाय उभा करायला शिकतंय. त्याला तेवढा वेळ आणि तेवढा विश्वास द्या.