मनाचा ताण आणि आपली त्वचा

भीती वाटली की अंगावर काटा येतो, धक्का बसला की चेहरा पांढराफटक पडतो आणि मुलाखतीसाठी बाकावर बसले की तळहातांना घाम सुटतो. मन आणि त्वचा यांचे हे नाते आपल्या वडीलधाऱ्यांनी पुस्तक न वाचताही ओळखले होते. त्यामागचे कारण आज वैद्यकशास्त्र सांगते. ते आपण सर्वांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आईच्या पोटात गर्भ वाढत असताना मज्जासंस्था आणि त्वचेचा बाहेरचा थर ही दोन्ही एकाच पेशीस्तरापासून तयार होतात. पुढे आयुष्यभर मज्जातंतूंचे जाळे त्यांना जोडून ठेवते. ताण आला की मेंदूकडून मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींना इशारा जातो व रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. थोडा वेळ ते उपकारकच असते. परंतु ताण आठवडेच्या आठवडे टिकला, तर त्वचेचा संरक्षक थर कमकुवत होतो, जखमा उशिरा भरतात आणि मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणाऱ्या रसायनांमुळे खाज व दाह वाढतो.

हा केवळ तर्क नव्हे. १९९८ साली अमेरिकेत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर, त्यांच्या संमतीने, दोन वेळा बारीकशी जखम करण्यात आली. एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरण्यास सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. २००३ साली स्टॅनफर्ड येथे २२ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. परीक्षेत ज्यांचा ताण अधिक वाढला, त्यांची मुरुमेही अधिक वाढलेली आढळली.

परंतु येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मुरुमे, इसब, सोरायसिस हे आजार केवळ ताणामुळे होत नाहीत. वय, संप्रेरके, आनुवंशिकता अशी त्यांची कारणे असतात. ताण त्यांत भर घालतो. म्हणून रुग्णाला "तू फार विचार करतोस, म्हणून तुला हे झाले" असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुळात हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. ताणाने खाज वाढते, खाजवल्याने त्वचा सोलवटते, रात्रीची झोप जाते आणि झोप गेली की ताण आणखी वाढतो.

या चक्रात सर्वांत मोठी भर घालतो तो समाज. कोड हा संसर्गजन्य नाही, सोरायसिसही नाही. तरीही अशा मुलीचे लग्न मोडते, अशा मुलाशेजारी वर्गात कोणी बसत नाही, त्याच्या हातचे पाणी टाळले जाते. स्पर्शाचा विटाळ म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी सोसले, त्या आपल्या घरांत तरी हे घडता कामा नये. रुग्णाला मलम डॉक्टर देतील; ताटाला ताट लावून जेवणे मात्र आपल्याच हाती आहे.

आणखी एक धोका सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. लोकलज्जेपोटी तरुण मुले-मुली कोणालाही न विचारता दुकानातून गोरेपणाचे किंवा खाजेचे मलम आणतात. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉईड असते. आठ दिवस बरे वाटते. पुढे कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, नायटा अंगभर पसरतो. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. तो आपणही पाळावा.

मग करावे काय? त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. परीक्षेच्या दिवसांतही पुरेशी झोप घ्यावी. खाजवण्याऐवजी ओले फडके ठेवावे, नखे कापलेली असावीत, साधे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून त्वचा कोरडी पडू देऊ नये. मुरुमे असलेल्या चेहऱ्याला मात्र तेल लावू नये व ती फोडू नयेत. रोज थोडा वेळ शांत बसून श्वासावर लक्ष ठेवावे. १९९८ साली जॉन कबाट-झिन यांनी सोरायसिसच्या ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाशोपचार घेताना ज्यांनी ध्यानाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकली, त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर निवळली. हे ध्यान मूळचे बौद्ध परंपरेतील आहे. मात्र त्या रुग्णांनी औषधोपचार सोडला नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, त्वचेवर डाग असणे हा कोणाचा दोष नाही. त्या डागामुळे माणसाला दूर लोटणे, हा मात्र दोष आहे आणि तो आपण दूर करू शकतो.