मिशन रविवार संपल्यावर

ऑक्टोबर आला की चर्चमधून मिशन रविवारचं पाकीट घरी येतं. फ्रिजवर लाइट बिलाच्या शेजारी ते चुंबकाखाली अडकून राहतं. शनिवारी रात्री एकदम आठवण होते. पर्स धुंडाळून आपण त्यात नोट घालतो आणि मुलाला बजावतो, "उद्या हे तू टाक हं." रविवारी तो टाकतो. झालं, मिशन वर्षापुरतं आटोपलं.

आपण सगळेच असं करतो आणि त्यात वाईट काहीच नाही. १९२६ सालापासून कॅथॉलिक चर्च ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार जगभर मिशनसाठी पाळतं. त्या नोटा एकत्र होऊन कुठल्या तरी गरीब धर्मप्रांताला हातभार लागतो. द्यायलाच हव्यात. मला काळजी वाटते ती मुलांच्या मनात काय उरतं याची. मिशन म्हणजे लांब कुठे तरी, दुसऱ्या कुणी तरी करायचं काम, आणि आपण फक्त पैसे पाठवायचे, असं त्यांना वाटत राहतं.

आम्हा वसईकरांच्या मुलांना तर त्यात संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट लहानपणापासून ऐकायला मिळते. वडील पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईचा. पूर्वेकडे व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. जपानी भाषा चांगली येत असल्यामुळे दुभाष्याचं काम केलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांबरोबर त्यांना क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये ते संत झाले. ही गोष्ट ऐकताना मुलांचा ऊर भरून येतो, तसा पोटात गोळाही येतो. माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर तिनं हळूच विचारलं होतं, "मला पण जपानला जावं लागेल?"

पोटातला हा गोळा फक्त मुलांचा नसतो. आपण बोलत नाही, पण धास्ती आपल्यालाही असते. मूल फारच भाविक निघालं तर? फादर व्हायचं, सिस्टर व्हायचं म्हणालं तर? शाळेत, क्लासमध्ये कुणी धर्मावरून टोचून बोललं तर? मग तो विषय पाकिटातच राहिलेला बरा वाटतो.

म्हणून तुम्हाला दुसऱ्या एका संताची आठवण करून द्यावीशी वाटते. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी मिशनचे दोन आश्रयदाते संत ठरवले. एक संत फ्रान्सिस झेवियर. त्यांचा देह जुन्या गोव्यात आहे, आपल्यापैकी कितीतरी जण मुलांना घेऊन तिथे जाऊन आलेत. गोव्यापासून जपानपर्यंत हिंडलेला हा माणूस. दुसरी फ्रान्समधल्या लिझ्यू गावची संत तेरेजा. ती पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. मधली सगळी वर्षं त्या भिंतींच्या आत काढली. मिशनच्या देशात तिनं पाऊलही टाकलं नाही, आणि चर्चनं तिला झेवियरच्या बरोबरीनं बसवलं.

काय केलं तिनं मठात? कपडे धुतले, जेवणघर झाडलं, म्हाताऱ्या सिस्टरांचा हात धरून त्यांना जेवायला नेलं. धुण्याच्या वेळी समोरची सिस्टर रुमाल असे आपटायची की गढूळ पाण्याचे शिंतोडे तेरेजाच्या तोंडावर उडायचे. तोंड पुसून, मागे सरून तिला ते जाणवून द्यावं असं तेरेजाला वाटे. ती मागे सरली नाही. प्रार्थनेत मागं बसणारी एक सिस्टर सतत कसला तरी चमत्कारिक आवाज करायची. मागं वळून रागानं बघावं असं वाटत असताना तेरेजा घामाघूम होऊन तशीच बसून राहायची. मिशनसाठी निघालेल्या दोन तरुणांसाठी ती रोज प्रार्थना करायची, त्यांना पत्रं लिहायची. मठातल्या या बारीकसारीक गोष्टीही ती त्यांच्या कामासाठीच देवापुढे ठेवायची.

हे आपल्या मुलांना सांगितलं पाहिजे. जपानची वाट क्वचित कुणाच्या वाट्याला येते. शिंतोडे तर रोजच उडतात. बाकावर, बसमध्ये, भावंडांच्या भांडणात.

आणि तेरेजाच्या आईबाबांची गोष्ट खास आपल्यासाठी आहे. बाबा लुई मार्तिन घड्याळजी. आई झेली लेस विणून घ्यायचा धंदा चालवायची. हाताखाली कामकरणी, ऑर्डरींची घाई, रात्री उशिरापर्यंत जागरण. तिची पत्रं वाचली तर हिच्या आणि आपल्या दमण्यात काहीच फरक नाही असं वाटतं. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. तेरेजा चार वर्षांची असताना झेलीही स्तनाच्या कॅन्सरनं गेली. २०१५ मध्ये या नवरा-बायकोला एकत्र संतपद मिळालं, आणि तो दिवस मिशन रविवारचा होता. दोघांपैकी कुणीही मिशनरी नव्हतं. दुकान, मुलं, आजारपणं, हिशेब यातच त्यांचं आयुष्य गेलं.

लुईंची एक आठवण त्यांच्या मुलीनं सांगितली आहे. एकदा रेल्वे स्टेशनवर फेफऱ्याचा आजार असलेला एक माणूस त्यांना भेटला. घरी जायला त्याच्याकडे पैसे नव्हते. लुईंनी डोक्यावरची हॅट काढली, आधी स्वतः त्यात पैसे टाकले आणि मग ती बाकीच्या प्रवाशांपुढे फिरवली. वसई रोडच्या जिन्यावर सकाळच्या गर्दीत आपण मुलांचा हात घट्ट धरून अशा माणसांना वळसा घालून जातो. जावंच लागतं, गाडी सुटते. पण कधी तरी थांबता येतं, आणि मुलानं आपल्याला थांबलेलं पाहिलं की ते त्याच्या लक्षात राहतं.

आता तेरेजाची सहाव्या वर्षाची गोष्ट ऐका. बाबांबरोबर फिरायला गेली की वाटेत भेटणाऱ्या गरिबांना पैसे द्यायचं काम तिच्याकडे असे. एक दिवस कुबड्या घेऊन कष्टानं चालणारा एक म्हातारा दिसला. ती धावत गेली आणि नाणं पुढे केलं. तो भीक मागणारा नव्हता. त्यानं उदास हसून नको म्हटलं. तेरेजाला इतकं वाईट वाटलं! आपण मदत करायला गेलो आणि त्याला दुखावलं की काय? बाबांनी नुकताच घेऊन दिलेला केक त्याला द्यावा असं वाटलं, पण धीर झाला नाही. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मागितलेलं देव देतो, असं तिनं ऐकलं होतं. त्या दिवशी याच्यासाठी मागायचं, असं तिनं ठरवून टाकलं. पाच वर्षांनी, १८८४ च्या मे महिन्यात, ती कम्युनियनला गेली तेव्हा तिनं त्याच्यासाठी खरोखरच प्रार्थना केली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. मुलीला समोरच्याचा चेहरा वाचता आला, हे एक. आणि बाबांनी तिला व्याख्यान दिलं नव्हतं, नाणं हातात देऊन पुढे पाठवलं होतं, हे दुसरं.

आपल्याला वाटतं, श्रद्धा शिकवायची म्हणजे आणखी एक काम. आधीच डबा, क्लास, लोकल, होमवर्क. त्यात जपमाळ होते न होते, धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलाला ढकलत नेतो, आणि रात्री पाठ टेकताना मनाला लागून राहतं की आपण कमी पडतोय. मला मनापासून वाटतं, आपण स्वतःला इतकं टोचू नये. दिवसभर करतो त्याच गोष्टी करताना समोरच्या माणसाकडे बघायचं, आणि मुलांना ते दिसू द्यायचं. मिशनची घरातली सुरुवात इतकी साधी असू शकते.

दारावर कोण येतं ते बघा. पार्सलवाला मुलगा चार मजले चढून येतो आणि आपण फोनवर बोलत बोलतच पार्सल घेऊन दार लावतो. घाई असते, मान्य. पण दार उघडायला मुलाला पाठवलं आणि "दादा, पाणी देऊ?" एवढं विचारायला सांगितलं तर? तेवढ्यानं वेळ जात नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाची परीक्षा कधी आहे, हे आपल्या मुलाला माहीत असावं. नाताळचा फराळ सोसायटीत वाटताना पहिली पुडी वॉचमनकाकांकडे जावी. मुलं हे फार पटकन शिकतात.

आणि आपण काय बोलतो तेही ऐकतात. वसईत बिल्डिंगी वाढल्या, पाण्याची ओढाताण वाढली, गर्दी वाढली. "हे बाहेरचे आले आणि सगळं बिघडलं" हे वाक्य आपल्या कितीतरी जेवणाच्या ताटांवरून गेलं असेल. त्यामागचा त्रास खोटा नाही. पण त्याच "बाहेरच्या" घरातला मुलगा आपल्या मुलाच्या बाकावर बसतो. परक्या देशात आसरा शोधलेल्या बाळ येशूची गोष्ट आपण डिसेंबरमध्ये सांगतो. मुलाला ती खरी वाटायची असेल, तर ताटावरचं बोलणं जरा सांभाळायला हवं.

आता मुलांच्या बाजूनं एक गोष्ट. राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा करून मूल शाळेत जातं. कपाळावर राखेचा क्रूस. रिक्षात बसेपर्यंत ठीक असतं. शाळेचं फाटक दिसलं की रुमाल निघतो. कुणी पाहायच्या आत ते कपाळ पुसतं आणि केस पुढे ओढतं. आपल्याला कळलं की जिवाला लागतं. लाज वाटते का तुला आपल्या धर्माची, असं तोंडावर येतं.

ते शब्द गिळावेत. वर्गात आपण एकटेच वेगळे दिसणार, ही भीती दहा वर्षांच्या जिवाला फार मोठी असते. पेत्रानं तर येशूला पकडलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी त्याला ओळखतही नाही म्हणून सांगितलं होतं. येशूनं पुढे आपली माणसं त्याच्याच हाती सोपवली. मुलाला जवळ घेऊन म्हणावं, "भीती वाटली ना? मला पण वाटायची." पुढच्या वर्षी राख ठेवायची की पुसायची हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.

"तुम्ही लोकांना ख्रिश्चन करता का रे?" हा प्रश्नही आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावा लागतो. त्यांच्याजवळ एक साधं, शांत उत्तर असावं. आमच्या घरात आम्ही असं म्हणतो : कुणाला काही करायला आम्ही जात नाही. येशूनं माणसांवर प्रेम केलं तसं करायचा आम्ही प्रयत्न करतो, आणि का करतो असं कुणी विचारलं तर सांगतो. पेत्रानंही आपल्या पत्रात हेच सांगितलंय, की कुणी आपल्या आशेचं कारण विचारलं तर ते सौम्यपणे, आदरानं सांगावं. कुणी विचारायच्या आत मुलांना प्रचाराला जुंपू नये. मैत्री ही मैत्रीसाठीच असावी. तिच्याआड आपला दुसरा हेतू आहे असं मित्राला वाटलं, तर मैत्री जाते आणि साक्षही जाते.

रात्री जेवताना आपण विचारतो, "मार्क किती? डबा संपवला?" ते विचारूच. त्याला एक प्रश्न जोडून बघा : "आज वर्गात एकटं कोण बसलं होतं?" पहिले काही दिवस "माहीत नाही" असं उत्तर येईल. येऊ द्या. मग एखाद्या दिवशी मूल एक नाव सांगेल. त्या नावासाठी झोपताना एक वाक्य देवाला सांगायचं, आणि सकाळी डब्यात एक पोळी जास्त घालायची. इतकंच. बाकी मुलाला सुचतं.

आणि एक शेवटचं, जे मी स्वतःलाही रोज सांगते. या सगळ्यात पहिला माणूस आपलं मूलच आहे. दमून घरी आल्यावर, वही सापडत नसताना, दूध सांडलेलं असताना आपण त्याच्याशी ज्या आवाजात बोलतो, त्यावरूनच त्याला देव कसा आहे याचा अंदाज येतो. मिस्सा संपताना फादर आपल्याला शांतीनं घरी पाठवतात, तेव्हा आपण स्कूटरची चावी चाचपत असतो. पुढच्या रविवारी ते शब्द नीट ऐकून घेऊ या, आणि त्या शांतीतला पहिला वाटा घरी पोचताच मुलांना देऊ या. पाकीट वर्षातून एकदाच येतं, पण मुलं आपल्याकडे रोज बघतात.