हात हलवून खेळायचा गेम : व्यायाम किती, विज्ञान किती?



"हा गेम बसून खेळायचा नाही, उभं राहून खेळायचा. मुलांचा व्यायाम होतो!" असं ऐकून आपण हालचालीवर चालणारा गेम कन्सोल घ्यायचा विचार करतो. घ्यायला हरकत नाही. पण तो नेमकं काय मोजतो हे आधी समजून घेऊ या.

हा प्रकार घराघरात नेला तो जपानच्या निंटेंडो कंपनीच्या 'वी' या कन्सोलने. २००६ साली तो बाजारात आला आणि पुढे जगभरात १० कोटींहून जास्त विकला गेला. टेनिस खेळताना बटणं दाबायची नाहीत, हातातला रिमोटच रॅकेटसारखा फिरवायचा! २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' आला. त्यात हातात काहीच धरायचं नसतं, कॅमेराच शरीराची हालचाल टिपतो.

रिमोटला कसं कळतं?

एसटीने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. हे जडत्व. 'वी'च्या रिमोटमध्ये एक छोटी चिप असते, तिला ॲक्सेलरोमीटर (त्वरणमापक) म्हणतात. तिच्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. रिमोट झटक्यात हलला की तो तुकडा एसटीतल्या प्रवाशासारखा मागे-पुढे सरकतो आणि त्यावरून त्वरण मोजलं जातं.

पडद्यावर नेम धरायला वेगळी युक्ती आहे. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांतून अवरक्त किरण निघतात आणि रिमोटच्या पुढच्या टोकाचा कॅमेरा ते पाहतो. गंमत म्हणजे ती पट्टी फक्त दिव्याचं काम करते, माहिती काहीच पाठवत नाही!

सोफ्यावर बसून टेनिस

आता लक्षात आलं का? या रिमोटला मूल दिसतच नाही. त्याला फक्त स्वतःला बसलेला झटका कळतो. पाय हलले का, कंबर वळली का, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून थोड्याच दिवसांत मुलं सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकून टेनिस जिंकायला लागतात. याला लबाडी म्हणू नका. यंत्र काय मोजतं हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं.

मग व्यायामाचं काय? २००७ साली इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींवर 'वी'चे खेळ तपासले. बसून खेळायच्या गेमपेक्षा ऊर्जा निदान ५१ टक्के जास्त खर्च झाली. पण खरा खेळ खेळताना होते त्यापेक्षा ती कमीच होती, आणि रोजच्या व्यायामात धरावी इतका जोर त्यात नव्हता. अभ्यास छोटा आहे, तरी मुद्दा पटण्यासारखा आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मैदानावरच्या खो-खोत सहज होते.

वर्गात करून पाहा (कन्सोल नसला तरी चालेल)

१. टीव्हीच्या रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडद्यावर लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा वापरा.

२. बहुतेक स्मार्टफोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. 'फायफॉक्स' हे मोफत ॲप घ्या. फोन टेबलावर स्थिर ठेवला तरी आकडा साधारण ९.८ येतो! का, ते मुलांनाच विचारा.

३. जाड गादीवर फूटभर उंचीवरून फोन सोडा. पडताना आकडा शून्याजवळ जातो. नववीच्या 'गतीचे नियम' या पाठाला यापेक्षा चांगली जोड कुठली?

पालकांसाठी

घेण्याआधी दुकानात किंवा ओळखीच्यांकडे मुलाला अर्धा तास खेळू द्या आणि मग त्याला खुर्चीवर बसून तोच खेळ खेळायला सांगा. बसूनही तेवढेच गुण मिळाले, तर तो गेम व्यायामाचा नाही, मनोरंजनाचा आहे हे समजा. रिमोटची दोरी मनगटात अडकवूनच खेळू द्या. 'वी' नवा होता तेव्हा दोऱ्या तुटून रिमोट निसटल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. आजूबाजूला दोन-तीन हात मोकळी जागा हवीच.

पावसाळ्यात मैदानात चिखल असेल, आजी-आजोबांनाही खेळात घ्यायचं असेल, तेव्हा असा गेम छानच. फक्त 'आज गेममध्ये खेळलास ना, मग आता बाहेर जायची गरज नाही' असं मुलाला म्हणू नका. मैदानाची वेळ मैदानालाच द्या.

तुमच्या वर्गात दुसरा प्रयोग केलात, तर '९.८ का येतो?' यावर मुलांनी दिलेली उत्तरं वहीत टिपून ठेवा. चुकीची उत्तरंसुद्धा! पुढचा तास त्यांवरच घेता येईल.