परदेशात आपला देश सांगायचा कुठून?

प्रश्न: माझी मुलगी जर्मनीत शिकायला आहे. तिच्या विद्यापीठात देशोदेशीची मुलं एका संध्याकाळी आपापल्या देशाविषयी वीस मिनिटं बोलतात, सोबत घरचं काहीतरी खायला नेतात. ती म्हणते, ‘ताजमहाल, योग, बॉलिवूड सगळ्यांना ठाऊक आहे, मी वेगळं काय सांगू?’ आम्ही आंबेगाव तालुक्यातले, तिचं आजोळ जुन्नरचं. तिला काय सुचवू?
– एक पालक, मंचर

उत्तर: तिला सगळा भारत सांगायला लावू नका. एवढा देश वीस मिनिटांत सांगायला गेलं की हाती नुसती विशेषणं उरतात: प्राचीन, विविध, रंगीबेरंगी. ती कुठल्याही देशाला लावता येतात. तिने नाणेघाटापासून लोणी-धामणीपर्यंतचा पट्टाच सांगावा. आपले दोन तालुके नीट सांगितले तर ऐकणाऱ्याला देशाचा अदमास येतो, आणि बोलणारीला आपल्या प्रत्येक वाक्याची खात्री असते.

सुरुवात पावसापासून करावी. भीमाशंकरच्या डोंगरात पावसाळ्यात समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं आणि पाऊस, आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे टँकरची वाट बघणारी गावं. पश्चिमेला भातखाचरं आणि हिरडा, मध्ये ऊस, टोमॅटो, द्राक्षं, पूर्वेला बाजरी. एसटीने दोन-तीन तासांत हे सगळं ओलांडता येतं. भारतात पाणी म्हणजे काय, हे यातून जेवढं कळेल तेवढं कुठल्याही आकडेवारीतून कळणार नाही.

मग तिने श्रोत्यांना सांगावं की तुमची माणसं आमच्याकडे फार पूर्वी येऊन गेली आहेत. कोकणातल्या बंदरांतून आलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे आणि ब्राह्मी लिपीतले फार जुने अंक आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या लोकांची, दानंही कोरलेली आहेत. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. परमुलखात येऊन माणसाने पाण्याची आणि जेवणाची सोय करून द्यावी, याहून चांगली ओळख कोणती? शिवनेरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 1630 साल आणि शिवजन्म येतो, तो सांगावाच, पण त्याच्या आधीची ही दीड हजार वर्षंही त्याच डोंगरावर आहेत.

तिच्या वर्गात कोणी रशियन असेल तर फारच छान. त्वेर शहरातला अफानासी निकितिन हा व्यापारी 1470 च्या आसपास, बहमनी अमलात, चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथे राहिला. दिवसरात्र कोसळणारा पाऊस, सगळीकडे चिखल, खडकावर वसलेलं आणि अरुंद वाटेने चढायचं शहर, हरभऱ्यावर पोसलेले घोडे, हे सगळं त्याने आपल्या लोकांसाठी लिहून ठेवलं. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या सुभेदाराने काढून घेतला आणि धर्म बदलला तरच परत देईन अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी करून त्याची सुटका केली. पुढे 1607 मध्ये निजामशाहीची राजधानी जुन्नरला आणणारा मलिक अंबर तर इथिओपियात जन्मलेला. त्या देशाची मुलंही समोर बसलेली असू शकतात.

जर्मन श्रोत्यांसाठी मात्र खोडद राखून ठेवावं. नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. चौदा तबकड्या मध्यभागी दाटीने आहेत, बाकीच्या सोळा तीन दिशांना शेताशिवारांत पसरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. त्यामुळे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहतो. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. जर्मनीत एफेल्सबर्गला शंभर मीटर व्यासाची एकच अवाढव्य तबकडी आहे. जून 2023 मध्ये युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे जाहीर केले, त्यात या दोन्ही दुर्बिणींची वर्षानुवर्षांची निरीक्षणं होती. एका बाजूला कांद्याची आरण, दुसऱ्या बाजूला आकाशाकडे तोंड केलेली तबकडी, असा एक फोटो तिने दाखवावा. मला स्वतःला आपल्या भागाचा याहून जास्त अभिमान दुसऱ्या कशाचा नाही.

दुःख लपवू नये. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. गाव दिसेनासं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते तिकडे गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या. हे सांगताना तिचा आवाज जड झाला तरी चालेल.

बिबट्याचा प्रश्न कोणीतरी विचारेलच. तेव्हा साहसकथा सांगू नये. धरणांचं पाणी कालव्यांनी खाली आलं, उसाचे फड वाढले आणि बिबट्याची मादी उसातच पिल्लं देऊ लागली. आज रानात पाणी द्यायला रात्री जाणारा माणूस जीव मुठीत धरून जातो. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. दोघांचीही बाजू तिने सांगावी, पण आधी रात्रपाळीच्या शेतकऱ्याची.

खायला मासवडी न्यावी. बेसन, तीळ, खसखस, सुकं खोबरं, लसूण एवढंच लागतं. बेसन पिठल्यासारखं घट्ट शिजवायचं आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, निवलं की चिरा पडतात. वर सारण पसरून फडक्यानेच गुंडाळी करायची, दाबून त्रिकोणी आकार द्यायचा आणि आडव्या वड्या कापायच्या. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या भांड्यात न्यावा आणि तिखट थोडं बेतानेच घालावं. वड्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात, म्हणून शाकाहारी असल्याचं ताटाशेजारी लिहून ठेवायला सांगा.