पहिले पिलू : निवड आणि आगमन

कुत्रे पाळण्याचा निश्चय प्रथमच केलेले एखादे दांपत्य पिले पाहावयास जाते, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा एकच प्रश्न असतो : यांपैकी कोणते घ्यावे? मग रंग, कानांची ठेवण किंवा धावत येऊन पाय चाटण्याची तत्परता पाहून निर्णय घेतला जातो. हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी तो पहिला नव्हे. पिलू कोठे व कसे वाढले, आईपासून ते कितव्या आठवड्यात वेगळे झाले आणि नव्या घरातील पहिला महिना कसा गेला, या तीन गोष्टींचा त्याच्या पुढील स्वभावावर खोल परिणाम होतो.

पहिले तीन महिने

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. जन्मतः पिलू आंधळे व बहिरे असते. साधारणतः दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते. येथून पुढे सुमारे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा असतो. माणसे, इतर प्राणी, आवाज, पायांखालची निरनिराळी जमीन या साऱ्यांचा या काळात आलेला अनुभव त्याला आपलासा वाटतो. त्यानंतर मात्र अनोळखी वस्तूकडे कुतूहलाने जाण्याऐवजी तिला भिण्याची प्रवृत्ती बळावते.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला व १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९६१ साली फ्रीडमन, किंग व एलियट यांनी आपल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले होते. त्यांनी काही पिले उंच कुंपणाच्या आवारात माणसांच्या सहवासावाचून वाढविली. त्यांतील काहींना वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणले, तर काहींना चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत दूरच ठेवले. सातव्या आठवड्याच्या सुमारास आणलेली पिले माणसाला सर्वाधिक सहजपणे स्वीकारीत. चौदा आठवडे दूर राहिलेली पिले पुढे रानटी जनावरांप्रमाणे बुजरीच राहिली.

यावरून ध्यानात येईल की, दोन महिन्यांचे पिलू घरी येते तेव्हा या मोलाच्या काळाचा अर्धा भाग आधीच सरलेला असतो.

पिलाची निवड

म्हणून पिलापूर्वी त्याची आई पाहावी. ती शांत व माणसाळलेली आहे काय, पिले घरात वावरतात की अंधाऱ्या पिंजऱ्यात कोंडलेली असतात, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून व्यवहार करू नये. आई दाखविण्याचे टाळणाऱ्या विक्रेत्याकडून पिलू घेऊ नये. आठ आठवड्यांपूर्वी पिलू तोडणेही अहिताचे असते. भावंडांशी खेळताना चावा जोरात बसला की खेळ थांबतो, या अनुभवातूनच पिलू आपल्या जबड्याला आवर घालण्यास शिकते. भारतात २०१७ सालच्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनीही आठ आठवड्यांहून लहान पिलाच्या विक्रीस मनाई केली आहे.

निरोगी पिलाचे डोळे स्वच्छ असतात, नाक वाहत नाही आणि श्वासात घरघर नसते. अंग कृश आणि पोट मात्र फुगलेले असेल, तर जंतांची शंका घ्यावी. पाठीमागे टाळी वाजवून पाहावी. पांढऱ्या राजपालयम् कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणा आढळतो, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आवाजाने दचकणे हा दोष नव्हे. दचकल्यानंतर थोड्याच वेळात पुढे येऊन हुंगणारे पिलू सामान्यतः चांगले समजावे. तथापि एका दिवसाच्या अशा परीक्षेवरून पिलाचे सारे भविष्य सांगता येत नाही.

जात निवडताना हवामानाचा विचार करावा. दाट केसांचा सेंट बर्नार्ड किंवा हस्की मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात हैराण होतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड ठेवणे कठीण जाते. रस्त्यावर जन्मलेली देशी पिले आपल्या हवेला सरावलेली असतात व योग्य वयात आणल्यास उत्तम सोबती होतात. मात्र अशा पिलाचा दात वा नख लागून जखम झाली, तर ती पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की, तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

घरी आणताना

पिलू शक्यतो सकाळी आणावे, म्हणजे रात्र होण्यापूर्वी त्याला घराची थोडीफार ओळख होते. आई व भावंडांचा वास असलेले एखादे फडके सोबत घ्यावे. आरंभी काही दिवस पूर्वीचेच अन्न ठेवून बदल हळूहळू करावा. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. गाई-म्हशीचे दूध अनेक पिलांना पचत नाही व जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी असतात.

पहिल्या रात्री पिलू रडते. त्याने आजवर एकही रात्र एकट्याने काढलेली नसते. त्याला दूरच्या खोलीत कोंडू नये. त्याची टोपली पलंगाजवळ ठेवली व अधूनमधून हात लावला, तर ते लवकर निवते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे व तेथे विधी उरकताच त्याचे कौतुक करावे. घरात घाण केल्याबद्दल मारल्याने किंवा त्यात नाक घासल्याने ते केवळ मालकाला भिऊ लागते.

लस आणि ओळख

यानंतर दांपत्यापुढे खरी अडचण उभी राहते. पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग पिलांचे प्राण घेतात. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारद्रव्ये पिलाचे रक्षण करतात, पण तीच लसीचा परिणामही निष्फळ करू शकतात. ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिलाबाबत निराळे असल्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा टोचावी लागते. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात. परंतु सर्व लसी पूर्ण होईपर्यंत पिलाला घरात डांबून ठेवले, तर ओळखीचा काळ निघून जातो आणि रोगापासून वाचलेले कुत्रे आयुष्यभर भित्रे राहण्याचा संभव असतो. भित्रे कुत्रेच पुष्कळदा चावते.

यावर मध्यममार्ग आहे. पिलाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन बाजार, वाहने, शाळा सुटल्यानंतरची गर्दी दाखवावी. घरी निरनिराळ्या वयाची माणसे बोलवावीत. लस घेतलेल्या निरोगी व सौम्य कुत्र्यांशी त्याची गाठ घालावी. मात्र जेथे अनोळखी कुत्री मलमूत्र करतात, अशा जागा टाळाव्यात. लसीचे वेळापत्रक पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरवावे.

या साऱ्यास दोघांचा वेळ लागतो, आणि कुत्रे तर दहा-बारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगते. दिवसभर घर बंद राहत असेल किंवा दोघांपैकी एकाचीच मनापासून इच्छा असेल, तर निर्णय वर्षभर लांबणीवर टाकण्यात कमीपणा नाही. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेला प्राणी उपासमारीच्या वा तहानेच्या यातना भोगाव्या लागतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. म्हणून कोणते पिलू घ्यावे हे ठरविण्याआधी पुढील तीन महिने त्याच्यापाशी कोण राहील, हे पतिपत्नींनी ठरवावे.