दावतीसाठी मटण किती घ्यावे?

वलीम्याचे मटण घेताना बरेच जण जिवंत वजनावर हिशेब करतात आणि तिथेच फसतात. 25 किलोचा बोकड कापला की मुंडी, पाया, कातडे, वजडी जाऊन हाती साधारण 11 ते 12 किलो मटण येते. म्हणजे दोन बोकडांचे जेमतेम 23 किलो.

आता 200 पानांची बिर्याणी धरा. माणशी 100 ग्रॅम तांदूळ म्हणजे 20 किलो, आणि तांदळाच्या दीडपट मटण, 30 किलो. दोन बोकडांवर भागवाल तर सात किलो कमी, म्हणजे शेवटच्या पंगतीची 45 पाने कोरडी! पाहुण्यांपुढे होणारी शरमिंदगी वेगळीच. तेव्हा त्याच वजनाचे तीन बोकड घ्यावेत.

माणशी 150 ग्रॅम ऐकायला भरपूर वाटते. पण हाड आणि शिजताना होणारी घट वजा जाता ताटात जेमतेम निम्मे येते. सोबत कोरमा असेल तर माणशी आणखी 100 ग्रॅम धरा. दहा वर्षांखालील दोन मुले मिळून एक पान. तयार मटण घेत असाल, तर चरबी वेगळी काढूनच तोलून घ्यावे. भाव ठरवतानाच हे बोलून घेतलेले बरे.